एका साइटवरचा कार्यक्रम दुसऱ्या साइटवर: कॅलेंडर फीड नेमकं कसं चालतं

एखादं सभागृह आपल्या वेबसाइटवर महिन्याचे कार्यक्रम लावतं. तेच कार्यक्रम आयोजक संस्थेच्या साइटवर असतात, शहराच्या कार्यक्रम-सूचीत असतात आणि एखाद्या दैनिकाच्या रोजच्या सदरातही असतात. चार ठिकाणी चार माणसं एकच माहिती हाताने टाइप करतात. पहिल्या दिवशी चारही ठिकाणी सगळं बरोबर असतं. मग काही कारणाने सहाची वेळ सातची होते. सभागृह आपल्या पानावर दुरुस्ती करतं, बाकी तिघांना कळवायचं राहून जातं, आणि निम्मे लोक तासभर आधी येऊन बंद दारासमोर उभे राहतात.

कार्यक्रम नुसता कळवायचा तर कॉपी-पेस्ट पुरतं. बदल कळवायला ते पुरत नाही, आणि कॅलेंडरचे डेटा फॉरमॅट खरे कामाला येतात ते तिथे. ओळख क्रमांक, टाइम झोन, रद्द झाल्याची खूण हे पुढे येणारे तपशील किचकट वाटले, तर प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारून पाहा: उद्या यात काही बदललं तर समोरच्या साइटला ते कसं कळणार?

पान माणसासाठी असतं

‘शनिवार, १४ मार्च, सायं. ६ ते ८’ एवढं माणसाला पुरतं. यंत्राला यातलं वर्ष कळत नाही, ‘सायं. ६’ म्हणजे अठरा वाजता हे कोणीतरी सांगावं लागतं, आणि ही वेळ कुठल्या प्रदेशाच्या घड्याळाची हे पानावर लिहिलेलंच नसतं. तारीख पोस्टरच्या चित्रात असेल तर आणखी पंचाईत, कारण ती शोधता येत नाही आणि उचलताही येत नाही. दुसऱ्याचं पान प्रोग्रॅमने खरवडून माहिती काढणाऱ्या साइट्स आहेत, पण समोरच्याने पानाची रचना बदलली की तो प्रोग्रॅम बंद पडतो किंवा गुपचूप चुकीच्या तारखा उचलू लागतो. यातलं दुसरं जास्त धोक्याचं.

आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी यादी, आहे की, असं अनेकांना वाटतं. मूळ आरएसएसमध्ये तारीख असते ती नोंद प्रसिद्ध झाल्याची. कार्यक्रम कधी सुरू होणार, कधी संपणार यासाठी त्यात जागाच नाही. आज टाकलेली तीन महिन्यांनंतरच्या कार्यक्रमाची नोंद आरएसएसमध्ये आजच्या तारखेखालीच दिसते.

या कामासाठी घडवलेला फॉरमॅट म्हणजे आयकॅलेंडर, ज्याच्या फाइलला आयसीएस हे एक्स्टेन्शन असतं. त्याचा पूर्वज व्हीकॅलेंडर १९९६ मधला. १९९८ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी २४४५ म्हणून आयकॅलेंडर प्रसिद्ध केलं आणि २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी ५५४५ आली. आज चालतं ते हेच. गूगल, ॲपल, आउटलुक, थंडरबर्ड ही सगळी कॅलेंडरं ते वाचतात. नंतर याच माहितीची जेसन आणि एक्सएमएल या दुसऱ्या डेटा फॉरमॅटमधली रूपंही आली, पण दोन अनोळखी साइट्सना एकमेकींशी बोलायचं असेल तर आयसीएसच धरावं. ते जुनं आणि जरा ओबडधोबड आहे, पण सगळ्यांना समजतं.

फाइल उघडून पाहू

आयसीएस ही साधी मजकुराची फाइल आहे आणि कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. खऱ्या फाइलमध्ये खुणेचे शब्द रोमन कॅपिटल अक्षरांत आणि तारखांचे आकडेही रोमनच असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ते देवनागरीत मांडले आहेत.

बिगिन:व्हीकॅलेंडर
व्हर्जन:२.०
प्रॉडआयडी:-//सभागृह//कार्यक्रम//एमआर
बिगिन:व्हीइव्हेंट
यूआयडी:कार्यशाळा-००४२@सभागृहाचं-डोमेन
डीटीस्टॅम्प:२०२६०३०१टी०४३०००झेड
डीटीस्टार्ट;टीझेडआयडी=एशिया/कोलकाता:२०२६०३१४टी१८००००
डीटीएंड;टीझेडआयडी=एशिया/कोलकाता:२०२६०३१४टी२०००००
समरी:लहान मुलांसाठी चित्रकला कार्यशाळा
लोकेशन:छोटं सभागृह\, पहिला मजला
एंड:व्हीइव्हेंट
एंड:व्हीकॅलेंडर

बाहेरचं वेष्टन कॅलेंडरचं आणि आतला प्रत्येक व्हीइव्हेंट म्हणजे एक कार्यक्रम. वेष्टनात व्हर्जन आणि प्रॉडआयडी, म्हणजे फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळख, हव्यातच. कार्यक्रमात यूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आणि नोंद कधीची ते सांगणारा डीटीस्टॅम्प सक्तीचे आहेत, आणि आपल्यासारख्या साध्या प्रसिद्धीच्या फीडमध्ये डीटीस्टार्टही. समरी म्हणजे शीर्षक. सविस्तर माहितीला डिस्क्रिप्शन, मूळ पानाच्या पत्त्याला यूआरएल. हा पत्ता ऐच्छिक असला तरी न चुकता द्यावा, कारण वाचकाला तुमच्या साइटवर परत आणणारी तेवढी एकच दोरी असते.

लोकेशनमधल्या स्वल्पविरामाआधी बॅकस्लॅश आहे तो चुकून आलेला नाही. या फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम यांना स्वतःचा अर्थ आहे, म्हणून ते मजकुरात आले की त्यांच्याआधी बॅकस्लॅश लावायचा. खुद्द बॅकस्लॅश लिहायचा तर तोही दोनदा. परिच्छेद तोडायचा तर एंटर मारायचं नाही, बॅकस्लॅश आणि त्याला लागून रोमन एन लिहायचं. डिस्क्रिप्शनमध्ये खरा एंटर राहिला की पुढची ओळ वाचणाऱ्याला नवी खूण वाटते, आणि बरेच पार्सर, म्हणजे फाइल वाचणारे प्रोग्रॅम, तिथेच हात टेकतात. अपूर्णविरामाला मात्र बॅकस्लॅश लागत नाही. उत्साहाच्या भरात तोही लावला की संध्याकाळी ६\:०० असं विचित्र काहीतरी लोकांच्या फोनवर दिसतं.

देवनागरीची खास दुखणी

इंग्रजी मजकुरात कधी न दिसणाऱ्या काही चुका मराठी मजकुरात हमखास होतात. त्या शोधायला दिवस जातो म्हणून इथे जरा थांबू.

आयसीएसची एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी असं मानक सांगतं. लांब झाली तर ती मोडून पुढची ओळ एका स्पेसने सुरू करायची. वाचणारा ती स्पेस काढून ओळी पुन्हा जोडून घेतो. आता वरचं शीर्षक मोजू. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार, तीन बाइट घेतो. रोमनमध्ये लिहिलेली समरी ही खूण आणि तिचा अपूर्णविराम मिळून ८ बाइट. ‘लहान’चे १२, एक स्पेस, ‘मुलांसाठी’चे २७, एक स्पेस, ‘चित्रकला’चे २४, पुन्हा एक स्पेस. झाले ७४. पुढे ‘कार्यशाळा’चा ‘क’ आहे आणि त्याला तीन बाइट हवेत, पण ओळीत उरलाय एकच. ओळ डोळे झाकून ७५ बाइटवर कापली तर ‘क’चे तुकडे होतात: एक बाइट वरच्या ओळीत, दोन खालच्या. वाचणाऱ्याने आधी बाइट जोडून मग अक्षरं बनवली तर निभावतं. उलट क्रमाने केलं तर ‘क’च्या जागी काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह. लेखकाच्या संगणकावर फाइल ठीक दिसते, वाचकाच्या फोनवर नाही, आणि मग दोष फॉन्टवर ढकलला जातो.

उपाय असा की ओळ नेहमी पूर्ण अक्षराच्या सीमेवर मोडायची, मग ती ७५ ऐवजी ७३ बाइटची झाली तरी बिघडत नाही. शक्यतो मधल्या स्पेसच्या आधी मोडावी. नंतर मोडली तर वरच्या ओळीच्या शेवटी एक स्पेस लोंबकळत राहते, आणि ओळीच्या शेवटच्या स्पेस साफ करणारं एखादं हुशार साधन मध्ये आलं की ‘चित्रकलाकार्यशाळा’ असा नवाच शब्द तयार होतो.

दुसरं दुखणं आकड्यांचं. साइटची भाषा मराठी ठेवली की तारीख छापणाऱ्या अनेक लायब्ररी आपोआप देवनागरी आकडे देतात. पानावर ते छान दिसतात. तोच फंक्शन-कॉल फीड बनवायला वापरला तर डीटीस्टार्टमध्ये देवनागरी आकडे जातात आणि बहुतेक कॅलेंडरं फाइल स्वीकारत नाहीत. फीड बनवताना तारखेसाठी भाषा-निरपेक्ष फॉरमॅटिंगच वापरायचं. आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला विंडोजचे काही एडिटर बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट घालतात. त्यामुळे पहिली बिगिन ओळच काही पार्सरना ओळखता येत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय साठवावी. ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही दोन्ही चिन्हं हवीत. नुसतं एलएफ बरेच पार्सर चालवून घेतात, सगळे नाही.

वेळ लिहिण्याचे तीन प्रकार

सर्वाधिक गोंधळ वेळेचा. आयकॅलेंडरमध्ये एकच वेळ तीन तऱ्हांनी लिहिता येते आणि तिन्हींचे अर्थ वेगळे होतात.

शेवटी रोमन झेड असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी. टीझेडआयडी लावून लिहिली तर ती त्या प्रदेशाच्या घड्याळाची. यातलं काहीच नसेल तर ती ‘तरंगती’ वेळ, म्हणजे वाचणारा जिथे असेल तिथले सहा. जागतिक दिनानिमित्त जगभर आपापल्या सकाळी सहाला काही करायचं असेल तर तरंगती वेळ योग्य. एका ठरावीक सभागृहातल्या कार्यक्रमाला ती चूक.

नेहमी सापडणारी चूक अशी: स्थानिक सहा वाजताची वेळ घेतली, यूटीसीत बदललीच नाही, आणि शेवटी झेड मात्र चिकटवलं. कार्यक्रम भारतात वाचणाऱ्याच्या फोनवर रात्री साडेअकराला दिसतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. यूटीसीत बदललं, पण झेड लिहायला विसरलं, तर तोच कार्यक्रम दुपारी साडेबाराला दिसतो.

मग सगळं यूटीसीतच का लिहू नये? एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला चालेल. पण दर आठवड्याला होणाऱ्या कार्यक्रमाला नाही, विशेषतः उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवणाऱ्या देशांत. लोकांना ठाऊक असते ती भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, आणि घड्याळ सरकलं तरी वर्ग सहालाच भरतो. यूटीसीत लिहिलेला वर्ग त्या आठवड्यापासून तासभर सरकलेला दिसू लागतो. शिवाय एखाद्या सरकारने घड्याळाचा नियमच बदलला, तर टीझेडआयडी लावलेली नोंद टाइम झोनचा डेटाबेस अद्ययावत होताच सुधारते. यूटीसीत गोठवलेली नोंद चुकीचीच राहते. थोडक्यात, टीझेडआयडी वापरा आणि नाव टाइम झोन डेटाबेसमधलंच द्या, खंड आणि शहर अशा रूपातलं. विंडोजमधून निघालेल्या फाइलींत याच झोनची वेगळी नावं असतात, म्हणून घेणाऱ्या साइटकडे दोन्ही नावं जुळवणारा तक्ता हवा. युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पात असा तक्ता तयार मिळतो. मानकाप्रमाणे ज्या झोनचा उल्लेख केला त्याचे नियम सांगणारा व्हीटाइमझोन हा भागही फाइलमध्ये द्यायचा असतो. वरच्या नमुन्यात तो जागेअभावी गाळला आहे, तुमच्या फीडमध्ये गाळू नका.

दिवसभराच्या कार्यक्रमात वेगळाच फास आहे. १४ ते १६ मार्च असं तीन दिवसांचं प्रदर्शन असेल तर डीटीस्टार्ट १४ आणि डीटीएंड १७ लिहायचा. शेवटची तारीख ‘यात धरलेली नाही’ असा नियम आहे. १६ लिहिलं की प्रदर्शन १५ ला संपलेलं दिसतं आणि शेवटच्या दिवशी कोणी येत नाही. उलट बाजूने, फीड वाचून पानावर ‘१४ ते १७’ छापणाऱ्या साइट्सही कमी नाहीत. दिवसभराच्या नोंदीत व्हॅल्यू=डेट असं सांगून नुसती तारीख द्यायची. मध्यरात्र ते मध्यरात्र अशी वेळ घालायची नाही, नाहीतर दुसऱ्या झोनमधल्या वाचकाला तेच प्रदर्शन चार दिवसांवर पसरलेलं दिसतं.

दर महिन्याचा दुसरा शनिवार

पुन्हा पुन्हा होणारा कार्यक्रम बारा वेळा लिहायचा नाही. आरआरूल नावाच्या एका ओळीत नियम सांगता येतो: वारंवारता मासिक, वार दुसरा शनिवार. शेवटचा शुक्रवार हवा असेल तर उणे एक शुक्रवार. महिन्याची ३१ तारीख सांगितली तर ज्या महिन्यांत ३१ नाही ते महिने गाळले जातात, ३० वर सरकत नाहीत. ‘महिनाअखेर’ म्हणायचं असेल तर उणे एक तारीख सांगावी.

नियम कधी थांबतो हे काउंट किंवा अंटिल यांपैकी एकानेच सांगायचं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. अंटिलमध्ये नेहमीची चूक पाहा. कार्यशाळा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सहाला, शेवटची १२ डिसेंबर २०२६ ला. डीटीस्टार्टला टाइम झोन असेल तर अंटिल यूटीसीत लिहावा लागतो. कोणी सहज १२ डिसेंबर, शून्य वाजता, झेड असं लिहितं. पण त्या दिवशीचे इथले सहा म्हणजे यूटीसीचे साडेबारा. ती वेळ शून्य वाजल्यानंतरची, म्हणून डिसेंबरची कार्यशाळा यादीतून गळते. अंटिल साडेबाराचा किंवा त्याच्या नंतरचा हवा.

एखाद्या महिन्याची कार्यशाळा वगळायची असेल तर एक्सडेट. यात त्या दिवसाची नेमकी सुरुवातीची वेळ, त्याच झोनमध्ये द्यावी लागते. नुसती तारीख दिली तर जुळत नाही आणि रद्द झालेली कार्यशाळा निर्धास्त दिसत राहते. वगळायची नसून फक्त एका महिन्यापुरती वेळ बदलायची असेल तर त्याच यूआयडीचा आणखी एक व्हीइव्हेंट लिहायचा. त्यात रिकरन्स-आयडी म्हणून मूळ वेळ आणि डीटीस्टार्टमध्ये नवी वेळ. आयकॅलेंडरमधला हा सर्वांत नाजूक भाग. तुमच्या साइटचं सॉफ्टवेअर याबाबत कच्चं असेल तर नियम सोडून द्या आणि पुढच्या वर्षभराचे कार्यक्रम वेगवेगळ्या यूआयडीने सुटे लिहा. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही, पण प्रत्यक्षात त्यात चुका फार कमी होतात.

यूआयडी: कार्यक्रमाचं नाव बदलेल, ओळख नाही

एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट नीट करायची असेल तर ती यूआयडी. घेणारी साइट दर वेळी फीड वाचताना यूआयडी पाहते. ओळखीचा असेल तर जुनी नोंद सुधारते, अनोळखी असेल तर नवी करते. शीर्षक, वेळ, जागा सगळं बदललं तरी यूआयडी तोच राहिला पाहिजे. आणि एकदा वापरलेला यूआयडी दुसऱ्या कार्यक्रमाला कधीही द्यायचा नाही.

तो बिघडतो कसा? फीड मागितलं की त्या क्षणी यादृच्छिक यूआयडी तयार करणारा कोड. असं फीड दर सहा तासांनी वाचलं गेलं तर दिवसाला प्रत्येक कार्यक्रमाच्या चार नव्या प्रती जमा होतात. किंवा शीर्षक आणि तारीख जोडून बनवलेला यूआयडी: तारीख बदलताच ओळख बदलते, जुनी नोंद तशीच राहते आणि शेजारी नवी उगवते. आपल्याला नेमका जो बदल कळवायचा होता तोच त्यामुळे हुकतो. नोंद पहिल्यांदा साठवताना यूयूआयडी, म्हणजे पुन्हा कधी न येणारा लांबलचक यादृच्छिक क्रमांक, तयार करून डेटाबेसमध्ये कायमचा ठेवणं हा खात्रीचा मार्ग. पूर्वी यूआयडीच्या शेवटी डोमेन लावायची पद्धत होती. २०१६ च्या आरएफसी ७९८६ ने अंतर्गत माहिती उघड होऊ नये म्हणून यूयूआयडीची शिफारस केली आहे. जुने डोमेनवाले यूआयडी असतील तर ते बदलायला जाऊ नका, तसं केलं तर एका रात्रीत सगळे कार्यक्रम दुप्पट होतील.

बदल झाला हे सांगायला लास्ट-मॉडिफाइड आणि सीक्वेन्स आहेत. सीक्वेन्स शून्यापासून सुरू होतो आणि वेळ-जागेसारखा महत्त्वाचा बदल झाला की एकाने वाढवायचा.

आता रद्द होणं. नवखा माणूस नोंद खोडून टाकतो. पण फीडमधून नोंद नाहीशी झाली याचे अर्थ अनेक होऊ शकतात: कार्यक्रम रद्द झाला, होऊन गेला म्हणून काढला, फीडमध्ये फक्त पुढचे पन्नासच दाखवायचे असा नियम आहे, किंवा सर्व्हरचं काहीतरी बिनसलं. घेणाऱ्याला यातलं काय हे कसं कळणार? म्हणून रद्द झालेली नोंद काढायची नाही. तिला स्टेटस:कॅन्सल्ड लावायचं, सीक्वेन्स वाढवायचा आणि कार्यक्रमाची तारीख उलटेपर्यंत फीडमध्ये ठेवायची. काही कॅलेंडरं ही खूण ठळक दाखवत नाहीत, म्हणून शीर्षकाच्या सुरुवातीलाच ‘रद्द:’ असं लिहावं. मानकात तसं सांगितलेलं नाही, पण दारापर्यंत हेलपाटा घालणारा माणूस मानक वाचत नाही.

इम्पोर्ट आणि सबस्क्राइब

‘कॅलेंडरमध्ये घाला’ असं बटण दिसतं, पण त्यामागे दोन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात. फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट केली तर ती त्या क्षणाची प्रत. नंतर वेळ बदलली तरी तिला पत्ता लागत नाही. फीडचा पत्ता देऊन सबस्क्राइब केलं तर कॅलेंडर तो पत्ता ठरावीक काळाने पुन्हा वाचतं. वेबकॅल असं सुरू होणारे पत्ते हे एवढ्यासाठीच: त्यावर क्लिक केलं की कॅलेंडरचं ॲप उघडून सबस्क्रिप्शनबद्दल विचारतं. पत्ता तोच, फक्त एचटीटीपीएसच्या जागी वेबकॅल. बटणं दोन ठेवा आणि दोन्हींवर स्पष्ट शब्द लिहा.

किती काळाने वाचावं याची सूचना रिफ्रेश-इंटरव्हल या खुणेने देता येते, आणि त्याच अर्थाची जुनी अनौपचारिक खूण एक्स-पब्लिश्ड-टीटीएल. दोन्ही द्याव्यात, सहा किंवा बारा तासांचा अवधी ठीक. पण ही विनंती आहे, हुकूम नाही. मोठ्या कॅलेंडर सेवा आपल्या सोयीने, कित्येकदा अनेक तासांनी फीड वाचतात. कार्यक्रमाच्या दोन तास आधी झालेला बदल फीडने पोहोचेल या भरवशावर राहू नये, त्याला फोन आणि मेसेजच.

घेणाऱ्या साइटने काय सांभाळायचं

फीड मागताना सर्व्हरला मागच्या वेळचा ईटॅग (सर्व्हरने दिलेली त्या प्रतीची खूण) किंवा बदलाची वेळ कळवा. काही बदललं नसेल तर तो ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, एवढंच उत्तर देतो आणि दोघांचंही काम वाचतं. २००, म्हणजे ‘ठीक’, असं उत्तर आलं म्हणून फीडच आलं असं धरू नका: लॉगिनचं पान किंवा ‘देखभालीसाठी बंद’ असा फलकही २०० ने येतो. पहिली ओळ बिगिन:व्हीकॅलेंडर आहे का पाहा. कालपर्यंत साठ कार्यक्रम देणारं फीड आज शून्य देत असेल तर सगळे पुसून टाकू नका, माणसाला कळवा.

आरआरूलला शेवट नसू शकतो, म्हणून नियम उलगडताना, म्हणजे त्यातून एकेक तारीख काढताना, मुदत घाला. पुढचं एक वर्ष पुष्कळ झालं. दर सेकंदाला होणारा कार्यक्रमही या फॉरमॅटमध्ये लिहिता येतो, आणि कोणी खोडसाळपणे तो दिला तर तुमचा सर्व्हर उलगडतच बसेल. डिस्क्रिप्शनमध्ये आलेलं एचटीएमएल गाळल्याशिवाय पानावर छापू नका. फीडचा पत्ता कोणालाही नोंदवता येत असेल तर तो तुमच्याच अंतर्गत नेटवर्कमधल्या यंत्राकडे बोट दाखवत नाही ना, तेही तपासा. एखाद्याने आपलं खासगी कॅलेंडरच चुकून फीड म्हणून दिलं तर त्यात अटेंडी म्हणून लोकांचे ईमेल पत्ते असतात. त्या ओळी आत घेतानाच टाका. व्हीअलार्म म्हणजे गजराच्या नोंदीही तशाच टाका, दुसऱ्याच्या गजराने तुमच्या वाचकांचे फोन वाजायला नकोत.

आणि मग दुहेरी नोंदी. सभागृहाचं आणि आयोजकाचं, दोन्ही फीड तुम्ही घेता. कार्यक्रम एक, यूआयडी दोन. इथे यूआयडी मदत करत नाही, सुरुवातीची वेळ, जागा आणि शीर्षक जुळवून पाहावं लागतं. मराठी शीर्षकं जुळवताना ‘ॲ’ हे अक्षर एका संगणकावर एकच चिन्ह म्हणून येतं, तर दुसऱ्यावर ‘अ’ अधिक चंद्र असं दोन मिळून. डोळ्याला सारखंच, पण युनिकोडची सारखी चिन्हं एकरूप करण्याची नेहमीची पद्धत, नॉर्मलायझेशन, हीसुद्धा या दोघांना एक करत नाही. ‘ऱ्य’मधला अर्धा र लिहिण्याच्याही दोन पद्धती आहेत, त्यातल्या एकीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. तुलना करण्याआधी हे फरक स्वतःच्या कोडने मिटवायचे, देवनागरी आणि रोमन आकडे एकसारखे करायचे, विरामचिन्हं काढायची. एवढं करूनही शंका उरली तर आपोआप एकत्र करू नका, संपादकापुढे ठेवा. दुहेरी नोंद दिसली तर वाचक फार तर हसतो. दोन वेगळे कार्यक्रम एकात मिसळले तर एक नाहीसाच होतो. कोणाचं ऐकायचं हे आधी ठरवून ठेवा: वेळेबाबत आयोजकाचं, दालनाबाबत सभागृहाचं.

तुम्ही घेतलेलं पुढे देतही असाल तर मूळ यूआयडी आणि मूळ पत्ता जसाच्या तसा पुढे द्या. नवा यूआयडी लावला की फेरा सुरू होतो: पहिली साइट दुसरीकडून घेते, दुसरी पहिलीकडून, आणि एकच कार्यशाळा दर फेरीला नव्या नावाने घरी परतते.

सर्च इंजिनसाठी वेगळी सोय

सर्च इंजिनांना कार्यक्रम समजावा म्हणून पानाच्या आतच जेसन-एलडी या यंत्राने वाचायच्या रूपात, स्कीमा डॉट ऑर्ग या सामायिक शब्दसंग्रहातली ‘इव्हेंट’ माहिती ठेवतात. इथे वेळेसोबत यूटीसीपासूनचा फरक, आपल्याकडे अधिक ०५:३०, लिहायचा. रद्द, पुढे ढकललेला, नवी तारीख ठरलेला अशा स्थिती इथे वेगवेगळ्या सांगता येतात आणि आधीची तारीखही देता येते. या बाबतीत हा शब्दसंग्रह आयकॅलेंडरपेक्षा सरस आहे. कार्यक्रम प्रत्यक्ष, ऑनलाइन की दोन्ही हे सांगण्याची सोय महामारीच्या काळात, २०२० मध्ये आली. पण ही माहिती त्या त्या पानाला चिकटलेली असते. संपूर्ण यादी एका पत्त्यावर हवी तर आयसीएसच. दोन्ही एकाच डेटाबेसमधून तयार व्हायला हवीत, नाहीतर एकाच साइटवर दोन वेळा दिसू लागतात.

चालू करण्याआधी

फीड टेक्स्ट/कॅलेंडर या प्रकाराने आणि यूटीएफ-८ सांगून पाठवलं जातंय का पाहा. ऑनलाइन व्हॅलिडेटरमध्ये तपासा, पण तेवढ्यावर थांबू नका. व्हॅलिडेटरला लिहिण्यातली चूक कळते, सहाऐवजी साडेअकरा लिहिलंय हे कळत नाही. एक चाचणी-कार्यक्रम बनवा: लांब मराठी शीर्षक, जागेत स्वल्पविराम, वर्णनात दोन परिच्छेद. त्याच्या जोडीला तीन दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचा एक. तीन वेगवेगळ्या कॅलेंडर ॲपमध्ये फीड सबस्क्राइब करा आणि त्यातल्या एका फोनचा टाइम झोन बदलून ठेवा. सगळं नीट दिसलं की पहिल्याची वेळ तासाने बदला, दुसऱ्या शनिवारांपैकी एक वगळा, तीन दिवसांचा रद्द करा. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी पाहा. नोंदी तेवढ्याच असतील, नवी वेळ, गाळलेला शनिवार आणि ‘रद्द’ हे सगळं दिसत असेल, तर पत्ता लोकांना द्यायला हरकत नाही. त्यानंतर तो पत्ता बदलू नका. साइट नवी करायची झालीच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं रीडायरेक्ट ठेवा, कारण सबस्क्राइब केलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कधी काय जोडलं होतं ते आठवतही नसतं.